पायांनी उडवायचं विमान

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटचे शिकाऊ वैमानिक उडतात. त्यांच्या डायमंड विमानांचे पंख लांब आणि सडपातळ असतात आणि नाकाखाली एक चाक असतं. ही धावपट्टी इंग्रजांनी 1940 साली युद्धासाठी बांधली, तेव्हाच्या बहुतेक विमानांचं तिसरं चाक मात्र शेपटीखाली असे. बिरसीही तेव्हा भंडारा जिल्ह्यात होती. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि विमानतळ त्याच्याकडे गेला. आज भंडाऱ्याच्या माणसाला विमान उडवायला शिकायचं, तर जवळची ठिकाणं दोनच, एका बाजूला बिरसी आणि दुसऱ्या बाजूला नागपूर.

नोकरीसाठी वैमानिक होणाऱ्यांविषयी आपल्याकडे खूप लिहिलं जातं. निव्वळ हौसेसाठी उडू पाहणाऱ्याला सांगणारं मात्र कुणी नसतं. एखादं दोन आसनी विमान असावं, हिवाळ्यातल्या सकाळी वैनगंगेवरून चक्कर मारून यावं, एवढीच ज्याची इच्छा आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. ते विमान शेपटीच्या चाकाचं असावं आणि विकत घेण्याची पाळी सगळ्यात शेवटी यावी.

या विमानांना इंग्रजी मुलखात टेलड्रॅगर म्हणतात. त्यांचा सगळा स्वभाव चाकांच्या जागेत आहे. नाकचाकाच्या विमानात दोन मोठी चाकं गुरुत्वमध्याच्या थोडी मागे असतात. धावताना विमान जरा वाकडं झालं, तर चाकांचं घर्षण त्याला मागून खेचतं आणि ते आपोआप सरळ होतं. टेलड्रॅगरमध्ये तीच मोठी चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. बंडी दांडीला धरून ओढली तर मुकाट मागे येते. तीच दांडीने मागे रेटायला लागा, चार हात जात नाही तोच ती आडवी व्हायला बघते. इथेही तसंच होतं. विमानाचं वजन चाकांच्या मागे असल्यामुळे नाक एकदा का डावीकडे वळू लागलं, की शेपटी पुढे येण्यासाठी जोर करते. वैमानिकाने वेळीच उलटा पाय देऊन शेपटीवरचं सुकाणू म्हणजे रडर वळवलं नाही, तर विमान जमिनीवरच स्वतःभोवती गर्रकन फिरतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. यात सहसा जीव जात नाही, पण बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, चाकाचा पाय वाकतो आणि प्रोपेलर जमिनीला लागला तर सुरू असलेलं इंजिन उघडून तपासावं लागतं.

एवढा त्रास असताना ही विमानं बनवली का, असा प्रश्न साहजिक आहे. याचं उत्तर त्या काळच्या मैदानांत सापडतं. विमानतळ म्हणजे तेव्हा गवताचं मोठं मैदान असे. वारा कुठूनही येवो, वैमानिक त्याच्याकडे तोंड करून उतरत असे, त्यामुळे आडव्या वाऱ्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. मैदान खडबडीत असे. नाकाखालचं चाक खड्ड्यात गेलं तर त्यावर इंजिनाचा भार पडून ते मोडतं, शेपटीचं छोटं चाक उसळून बाहेर येतं. शेपूट खाली असल्यामुळे प्रोपेलरही जमिनीपासून उंच राहतो. शिवाय नाकाखालच्या भक्कम पायाचं वजन आणि त्यामुळे हवेत होणारा अडथळा, दोन्ही वाचतात. पुढे सिमेंटच्या आणि डांबराच्या धावपट्ट्या आल्या, त्यांची दिशा ठरलेली असल्यामुळे आडवा वारा रोजचा झाला, आणि नाकचाकाची सोय सगळ्यांना पटली. 1951 साली पायपर ट्राय-पेसर आणि 1950च्या दशकाच्या मध्याला सेसना 172 आली. त्यानंतर हौशी उड्डाणातही शेपटीचं चाक मागे पडलं.

विदर्भाने या विमानांचा एक भव्य काळ पाहिला आहे. 30 जानेवारी 1949 रोजी रात्रीच्या टपालाची हवाई सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. या कामावर असलेली डाकोटा विमानं शेपटीच्या चाकाची होती. उभ्या डाकोटात शिरलेल्या माणसाला आपल्या जागेपर्यंत चढ चढून जावं लागे. एवढं मोठं विमान रात्रीच्या अंधारात, पावसात, आडव्या वाऱ्यात सरळ ठेवणाऱ्या त्या वैमानिकांच्या पायांविषयी मला फार आदर वाटतो.

डाकोटा परदेशी होतं. पण देशाने स्वतः बनवलेल्या विमानावर उडायला शिकण्याची सुरुवात केली, ती एका मराठी माणसामुळे. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म 1908 साली कोल्हापूर भागातल्या हसूर गावचा. त्यांनी जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रान्टल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. पंखावरच्या हवेच्या पातळ थराचा सिद्धान्त मांडणारे ते हेच प्रान्टल. 1940 साली बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना उभा राहिला, तेव्हा घाटगे तिथे गेले. त्यांनी आरेखन केलेलं एचटी-2 हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट 1951मध्ये पहिल्यांदा उडालं. एकामागे एक दोन आसनं, खाली बसवलेला पंख, कोलांट्या घेऊ शकेल इतका मजबूत सांगाडा आणि शेपटीखाली चाक. अशी सुमारे 170 विमानं बनली आणि हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी आपलं पहिलं एकट्याचं उड्डाण त्यांच्यावर केलं. घानाच्या नव्या हवाई दलालाही 12 एचटी-2 भारताने दिली. 1958 साली त्याच कारखान्यातून पुष्पक बाहेर पडलं. वर पंख, कापडाचं अंग, शेजारी-शेजारी दोन आसनं, 90 अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन आणि पुन्हा शेपटीखालीच चाक. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांसाठी सुमारे 160 पुष्पक बनली. आज हौसेचं विमान म्हणून जे हवं असतं, अगदी तेच पुष्पक होतं. त्याची परंपरा टिकली नाही, याची मला मनापासून खंत आहे.

आता उतरण्याकडे वळू, कारण टेलड्रॅगरची खरी परीक्षा तिथेच होते. पुष्पक किंवा पायपर कबसारखं विमान ताशी 90 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीकडे येतं. जमीन दीड-दोन पुरुष खाली राहिली की इंजिनाचा थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायचा आणि नाक वर-खाली करणारी स्टिक हळूहळू पोटाकडे आणायची. नाक वर येत जातं आणि समोरची धावपट्टी त्याच्या आड नाहीशी होते. आता समोर पाहून उपयोग नाही. डोळ्यांच्या कडांनी धावपट्टीच्या दोन्ही कडा बघायच्या. दोन्हीकडे सारखी जमीन दिसली म्हणजे विमान मधोमध आहे. विमान खाली बसू पाहतं, तुम्ही स्टिक आणखी मागे घेऊन त्याला बसू देत नाही. शेवटी स्टिक पोटाला टेकते, पंखाची उचलण्याची ताकद संपते आणि तिन्ही चाकं एकदम जमिनीला लागतात. हे झालं तीन चाकांचं उतरणं. इथे नवशिका श्वास सोडतो आणि पाय ढिले करतो. नेमकं याच क्षणी काम वाढलेलं असतं. वेग कमी होत जातो तशी रडरवर येणारी हवा कमी होते आणि रडरची पकड सुटत जाते. बहुतेक ग्राउंड लूप होतात ते वेगात नाही, तर विमान जवळजवळ थांबत आलं असताना. म्हणून विमान थांबून, इंजिन बंद होऊन, बांधून होईपर्यंत पाय जागे ठेवा, असं शिक्षक पुन्हापुन्हा सांगतात.

वेग शिल्लक असताना चाकं आपटली तर वेगळीच गंमत होते. मोठी चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असल्यामुळे ती टेकताच शेपूट खाली येते, पंखाचा कोन वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत जातं. घाबरून नाक दाबलं तर पुढची उडी आणखी मोठी होते. अशा वेळी थ्रॉटल देऊन सरळ पुन्हा उडून जायचं, त्यात कमीपणा काही नाही. वारा जोराचा असेल तर अनुभवी लोक दुसऱ्या पद्धतीने उतरतात. थोडा जास्त वेग ठेवून फक्त पुढची दोन चाकं टेकवायची आणि टेकताच स्टिक किंचित पुढे करून ती जमिनीला चिकटवून ठेवायची. शेपूट आपोआप खाली येते तोपर्यंत समोरची धावपट्टी दिसत राहते.

उडतानाही पायांना उसंत नाही. फिरता प्रोपेलर म्हणजे एक भोवराच. धावता धावता शेपूट उचलली की त्या भोवऱ्याचा अक्ष झुकतो आणि नाक एका बाजूला ओढलं जातं. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर कॉन्टिनेंटलसारखी अमेरिकी इंजिनं घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे नाक डावीकडे जातं आणि उजवा पाय द्यावा लागतो. टायगर मॉथचं जिप्सी मेजर हे इंग्लिश इंजिन उलट फिरतं, म्हणून तिथे डावा पाय. एकावरून दुसऱ्यावर बसणाऱ्याला पायांची सवय बदलून घ्यावी लागते. जमिनीवर चालतानाही नाक समोरचं झाकतं, म्हणून नागमोडी वळणं घेत पुढचा रस्ता पाहत जावं लागतं. नाकचाकाच्या विमानावर शेकडो तास उडालेल्या वैमानिकाच्या पायांना हे काहीच माहीत नसतं, कारण त्याच्या विमानाने ते काम त्याच्याकडून कधी मागितलंच नाही. टेलड्रॅगर ते पहिल्याच दिवशी मागतं. मला हे विमान महत्त्वाचं वाटतं ते यामुळे.

शिकण्याचा रस्ता भारतात असा आहे. सोळा वर्षं पूर्ण झाली की विद्यार्थी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो, सतराव्या वर्षी खासगी वैमानिकाचा. त्यासाठी दहावी पास असणं, वैद्यकीय तपासणी, हवाई नियम, दिशाशोधन, हवामान आणि विमान-इंजिन यांच्या परीक्षा, बिनतारी संभाषणाचा परवाना आणि किमान 40 तासांचं उड्डाण लागतं. त्या 40 तासांचा मोठा भाग एकट्याने उडण्याचा असतो. नागपूर फ्लाइंग क्लबची सेसना असो की बिरसीची डायमंड, हे तास नाकचाकाच्याच विमानावर होतील, कारण आपल्याकडच्या शाळांतून टेलड्रॅगर जवळजवळ नाहीसं झालं आहे. म्हणून शेपटीच्या चाकाचं शिक्षण बहुधा परदेशात घ्यावं लागतं. अमेरिकेत 1991पासून त्यासाठी शिक्षकाची स्वतंत्र लेखी नोंद लागते. किती तास उडायचं हे कायद्याने ठरवलेलं नाही. सरळ आणि आडव्या वाऱ्यात उडणं-उतरणं, पुढच्या दोन चाकांवर उतरणं आणि उतरणं सोडून पुन्हा उडून जाणं, हे सगळं नीट जमतंय असं शिक्षकाला वाटलं पाहिजे. भाऊ, बहीण किंवा मुलं अमेरिकेत असलेली घरं भंडाऱ्यातही आता कमी नाहीत. त्यांच्याकडे जाल तेव्हा दोन-तीन आठवडे या कामासाठी राखून ठेवावेत. उतरण्याचा सराव शक्यतो गवताच्या पट्टीवर करावा. गवतावर चाक थोडं घसरतं आणि चूक माफ होते. डांबर चाकाला धरून ठेवतं.

पाय शिकवायला बिनइंजिनाच्या ग्लायडरचाही विचार करावा. वळताना ज्या पंखाची टोकाची झडप खाली जाते, त्या पंखाला हवेचा अडथळा जास्त होतो आणि नाक वळणाच्या उलट जातं. ग्लायडरच्या लांब पंखांमुळे हे फार ठळकपणे कळतं आणि पाय आपोआप शिकतात. पुण्यात हडपसरला केंद्र सरकारचं ग्लायडिंग सेंटर उभं राहिलं होतं आणि कितीतरी मराठी मुलं तिथे पहिल्यांदा हवेत गेली.

पाय शिकले की मग खरेदी. अमेरिकेत एरोंका चीफ आणि चॅम्प ही सत्तर-ऐंशी वर्षांची विमानं आजही उडतात आणि चांगल्या मोटारीच्या किमतीत मिळतात. पुष्पक याच एरोंका चीफवर बेतलेलं होतं. असं विमान बघायला जाताना रंगावर भाळू नये. अंगाच्या कापडाखाली पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो. विमान शेपटीवर टेकून उभं राहत असल्यामुळे आत शिरलेलं पाणी उतरत उतरत शेपटीजवळच्या सगळ्यात खालच्या नळ्यांशी साचतं आणि त्या आतून गंजतात. जाणता इंजिनियर तिथे टोच्या दाबून पाहतो. टोच्या आत गेला तर सौदा तिथेच संपतो. कापडाचा शत्रू ऊन. म्हणून वरच्या रंगाखाली अॅल्युमिनियमची पूड मिसळलेला चंदेरी थर देतात, तो ऊन अडवतो. पंखाखालच्या तपासणीच्या झाकणातून आत पाहिल्यावर कापडातून उजेड आरपार येत असेल, तर तो थर पातळ झाला आहे. त्यानंतर नोंदवह्या काढून बसावं. ग्राउंड लूप झालेला असेल तर पंख दुरुस्त केल्याची नोंद सापडते. लाकडी आडव्या तुळईत, तिरप्या दांड्याच्या जोडाजवळ, वरून न दिसणारी तडक राहिलेली असू शकते. तिथे पंख उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इंजिनाच्या बाबतीत कमी उडालेलं विमान चांगलं, हा समज सोडून द्यावा. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात तेलाचा थर ओघळून जातो आणि आतले भाग गंजतात. लायकमिंग इंजिनात कॅमचा दांडा वरच्या बाजूला असल्यामुळे तो लवकर कोरडा पडतो. छोट्या कॉन्टिनेंटलमध्ये तो खाली असतो, म्हणून ती हा त्रास जास्त सोसतात. नियमित उडणारं, जास्त तास झालेलं इंजिन मला उभ्या इंजिनापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

भारतात आणायचं तर आयातीची परवानगी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे म्हणजे डीजीसीएकडे नोंदणी, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, त्या विमानाचा परवाना असलेला देखभाल इंजिनियर आणि विमा, एवढं सगळं उभं करावं लागतं. कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनी ते 2016 साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात मांडलं आणि त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर 2017 उजाडलं. चिकाटीची तयारी ठेवूनच या वाटेला लागावं. इंधनाची अडचण मात्र थोडी कमी झाली आहे. पिस्टन इंजिनाचं एव्हगॅस पूर्वी सगळं बाहेरून येई. 2022 साली इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. उड्डाणाआधी उड्डाण योजना द्यावी लागते आणि हवाई संरक्षणाची परवानगी म्हणजे एडीसी नंबर घ्यावा लागतो. आपल्या शेतात पट्टी सपाट केली आणि उडालो, असं इथे चालत नाही.

आपल्या भागाचं हवामान अशा विमानाला वर्षातून निम्माच काळ साथ देतं. मे महिन्यातल्या दुपारी पारा 45वर गेला, की समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटर उंचीवरच्या बिरसीची हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला आपण जवळजवळ दीड हजार मीटरवर आहोत असं वाटतं. महाबळेश्वरही त्याहून खाली आहे. 90 अश्वशक्तीच्या विमानाला अशा हवेत दोन माणसं घेऊन उठायला खूप लांब धाव घ्यावी लागते. त्यात तापलेल्या जमिनीवरून वावटळी उठतात आणि उभ्या टेलड्रॅगरलासुद्धा फिरवतात. पावसाळ्याचे चार महिने ते हँगरमध्येच हवं. उघड्यावर बांधून ठेवलं तर कापड आणि नळ्या दोन्ही जातील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र सोन्यासारखा काळ. धानाच्या बांध्या आणि तलाव यांच्यावर पहाटे धुकं धरतं, ते विरेपर्यंत थांबायचं, मग दुपारपर्यंत वारा शांत असतो. बिरसीहून भंडारा सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर, म्हणजे पुष्पकसारख्या विमानाला अर्ध्या तासाहून थोडं जास्त. वाटेत मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, आरशांसारखे एकामागून एक चमकतात. तलावांवर हिवाळी पाहुणे पक्षी असतात आणि गोंदियाकडे सारसही आहेत, म्हणून पाणथळ जागांवरून भरपूर उंची ठेवून जावं.

एकट्याने विमान घेणं कुणालाही जड जाईल. इंग्लंड-अमेरिकेत चार-सहा जण मिळून एक विमान ठेवतात, हँगर, विमा आणि इंजिनियरचा खर्च वाटून घेतात आणि उडण्याचे दिवस ठरवून घेतात. नागपूर, भंडारा आणि गोंदिया मिळून परवाना असलेली अशी सहा माणसं जमणं अशक्य नाही. निवृत्त हवाई दलवाले, डॉक्टर, राइस मिलचे मालक, सुट्टीवर आलेले एअरलाइनचे वैमानिक यांनी मिळून टेलड्रॅगर घ्यावं, एक शिक्षक हिवाळ्यापुरता बोलवावा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी विमान बिरसीच्या तळावर ठेवावं. फ्लाइंग स्कूलच्या पोरांनाही त्यावर दहा-दहा तास मिळाले, तर पुढे मोठ्या विमानांवर जाताना त्यांचे पाय कामात येतील.